आठ बोटांची भिंत

पोटासाठी मी भिंती बारीक करते. हैदराबादच्या एका कचेरीत बसून उंच इमारतींच्या काँक्रीटच्या भिंती किती पातळ केल्या तरी भूकंपात उभ्या राहतील, याचा हिशेब करणं हे गेल्या पंधरा वर्षांतलं माझं काम. या पंधरा वर्षांत भिंती बारीक होत गेल्या आणि मी जाड होत गेले, पण ते असो. सांगायचं असं, की ज्यांची तोंडंही मी पाहिलेली नाहीत अशी कितीतरी माणसं माझ्या आकडेमोडीवर भरवसा ठेवून विसाव्या-बाविसाव्या मजल्यावर निवांत घोरतात. आणि मी सख्ख्या आईसाठी आदिलाबादकडे, तामसीजवळच्या आमच्या गावात एक घर बांधलं, तर ती बाई त्या घरात राहायला येईना. समोरच अंगणात, टिनाच्या शेडखाली खाट टाकून राहिली. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, एप्रिल गेला.

याचं कारण आपल्याला ठाऊक आहे, असं मला सगळा वेळ वाटत होतं. शिकलेल्या माणसाला असं वाटणं फार सोपं जातं.

आमचं जुनं घर मातीचं होतं. दोन हात जाड भिंती आणि वर कवेलू, म्हणजे कौलं. आई-बाबांनी ते स्वतःच्या हातांनी उभं केलं होतं. बाबा तेव्हा नुकतेच शाळेत मास्तर म्हणून लागले होते. त्यांच्या आधीच्या सगळ्या पिढ्या दुसऱ्यांच्या शेतात राबलेल्या, त्यामुळे स्वतःच्या नावाची जागा आणि स्वतःच्या हातची भिंत आमच्या घराण्यात ही पहिलीच. आईने चिखल तुडवला, बाबांनी थर चढवले. आमच्याकडे रीत अशी, की भिंत डोक्याएवढी झाली की ती ओली असतानाच घरधन्याने तिच्यात आपल्या हाताने सागाची खुंटी बसवायची. वाळलेल्या भिंतीत ठोकलेली खुंटी हलत राहते, ओलीत बसवलेली भिंतीचीच होऊन जाते. बाबांनी ती खुंटी स्वतः तासली होती. तिच्यावर त्यांची शाळेची पिशवी आणि छत्री नोकरी संपेपर्यंत लटकली. बाबा गेले तेव्हा आईने त्याच खुंटीला त्यांचा फोटो अडकवला.

मग एका हिवाळ्यात, भर दुपारी, जमीन हलली. आमचा भाग भूकंपाच्या नकाशात काही भयंकर रंगात रंगवलेला नाही, पण अगदी कोराही नाही. धक्का लहानसाच होता. फळीवरची भगुली खाली आली, कोंबड्या ओरडत सुटल्या, आणि आई अंगणात तूर निवडत बसली होती म्हणून वाचली असं मी म्हणते. ती तसं म्हणत नाही. तिने मला फोनवर एवढंच सांगितलं, "मांगच्या भितीचं पोट सुटलं. तुया बाबाच्या फोटोची काच फुटली. बाकी सारं ठीक हाय."

मी दुसऱ्या दिवशी पहाटेची बस धरून आले. आईने काचेचे तुकडे झाडून फोटो एका जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवला होता, आणि खाट शेडमध्ये हलवली होती. मला वाईट वाटलं, हे खरं आहे. पण जे खरं आहे ते सगळं सांगायचं तर मला थोडा आनंदही झाला. भूकंपाची तज्ज्ञ म्हणवून घेणाऱ्या बाईच्या आईचं घर भूकंपाने फुगावं, यासारखी संधी पुन्हा कुठे मिळणार? फुगलेल्या भिंतीचे मी सगळ्या बाजूंनी चाळीस फोटो काढले. आईचा एकही काढला नाही.

जुनं घर उतरवायचं ठरलं. उतरवलंही. खुंटीचं काय झालं, हे मी विचारलं नाही. मी सळयांची यादी करत होते.

नव्या घराचा नकाशा मी शेडमध्ये खाटेवर पसरला आणि आईला आणि मिस्त्रीला समोर बसवलं. मिस्त्री भीमपूरकडचा. पन्नाशीचा, मोजकं बोलणारा, आणि आजूबाजूच्या गावांतली निम्मी घरं त्याच्या हातची. मी त्यांना समजावून सांगितलं, की भूकंप भिंतीला तिच्या वजनाच्या हिशेबाने ढकलतो. जितकी जड भिंत, तितका मोठा धक्का. म्हणून जुनी जाड भिंत फुगली. आपण घरच काँक्रीटच्या बारीक भिंतींचं करायचं, आत सळयांची दुहेरी जाळी. सहा इंच जाडी.

"सहा इंच म्हंजे केवढी?" आईने विचारलं.

मी दोन हातांनी अंतर दाखवलं. तिने एका हाताची चार बोटं लावली, शेजारी दुसऱ्या हाताची चार. माप जमलं.

"आठ बोटं," ती म्हणाली. "बस?"

"मॅडम, ईट घालू नं, नऊ इंची," मिस्त्री म्हणाला. "लोक हासतीन."

मला तर हेच हवं होतं. मी बसायचा लाकडी पाट मागवला, तो काठावर उभा केला आणि लांबीच्या बाजूने ढकलून दाखवला. हलत नाही. मग पोटावर बोट लावलं. आडवा पडला. "बारीक भिंतीचं दुखणं हे," मी म्हणाले. "लांबीच्या बाजूने ती कोणाला ऐकत नाही. पोटावर ढकललं की वाकते. म्हणून तिला फार उंच होऊ द्यायचं नाही. सहा इंचाला दहा फूट, म्हणजे जाडीच्या वीसपट, त्याच्यावर एक इंचही नाही. आणि दोन्ही टोकांना तिला काटकोनात वळवायचं." हे सांगायला मला अर्धा तास लागला. मधे मी तीन आकृत्या काढल्या.

आई म्हणाली, "सुपाचा काठ असते तसं."

मिस्त्री लगेच म्हणाला, "हां, मंग समजलं."

सुपाला काठ वळवला नाही तर ते ताठ राहत नाही, हे आमच्या गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. मी त्यासाठी आयुष्यातली सहा वर्षं आणि दोन पदव्या घालवल्या. मला थोडा रागच आला. मी म्हणाले, "तसंच, पण ते इतकं सोपं नाही."

उठता उठता मिस्त्रीने विचारलं, "मॅडम, ह्या भितीत खिळा कुठं ठोकाचा?"

मी हसले. "भिंत घर धरून ठेवायला असते," मी म्हणाले, "खिळे ठोकायला नसते." हे वाक्य मला इतकं आवडलं की जेवताना मी ते आईला पुन्हा ऐकवलं. शिवाय हुकूमही काढला, की माझ्या भिंतीला कोणी भोक पाडायचं नाही, खाच मारायची नाही, विजेच्या नळ्या आधीच आत टाकून ठेवायच्या. आई भाकरी थापत होती. तिने पुढचा गोळा घेतला. माझ्या बोलण्यावर कोणी काही बोललं नाही की मी त्याला संमती समजते. कचेरीतही माझा हाच दोष सांगतात.

काँक्रीट ओतायच्या दिवशी मी हैदराबादहून डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून आले होते. गावात उतरल्यावर घातलं असं नाही, बसमधूनच घालून आले. वाटेत नेरडीगोंड्याला चहा प्यायला उतरले तेव्हाही ते डोक्यावर होतं. अंगणात मिक्सर घरघरत होता, शटरिंगच्या फळ्या उभ्या होत्या, पंधरा-वीस माणसं हजर होती, शिवाय गंमत बघायला आलेले शेजारी. तीन दगडांच्या चुलीवर आई सगळ्यांसाठी चहा ठेवत होती.

मी टेप घेऊन एकेक सळई तपासत निघाले. किती अंतरावर आहे, फळीपासून किती आत आहे, कुठे सैल बांधली आहे. पुढच्या खोलीच्या भिंतीशी आले तर दोन सळयांच्या मधे, तारेने नीट बांधलेला, एक लाकडी गुटका. चार बोटं लांब, जुन्या काळपट सागाचा.

खरं तर मला फारच बरं वाटलं. इतक्या लांबून तपासायला यावं आणि काहीच चूक सापडू नये, यासारखं दुःख नाही.

"हे काय आहे?" मी मोठ्याने विचारलं.

मिस्त्री पुढे आला. "मॅडम, ते जरा..."

"काँक्रीटमध्ये लाकूड? लाकूड पाणी पितं, फुगतं, मग आकसतं. वाळवी लागते. एवढ्या बारीक भिंतीत? भूकंप काय गुटका बघून थांबणार आहे?" हे मी मराठीत म्हणाले. शटरिंगवाली माणसं तेलुगू बोलणारी होती, म्हणून "वद्दु, वद्दु", म्हणजे नको-नको, करत तेलुगूतही म्हणाले. गुत्तेदाराचा, म्हणजे ठेकेदाराचा माणूस हिंदी समजायचा, तर त्याला हिंदीतही. मी तीन भाषांत रागावू शकते, ऐकून घेणं मात्र एकाही भाषेत जमत नाही.

"मॅडम, आयका तं..." मिस्त्री म्हणाला.

मी पक्कड मागून घेतली, तार तोडली, गुटका उपसला आणि सगळ्यांच्या समोर कचऱ्याच्या ढिगावर भिरकावून दिला. मिस्त्रीने आईकडे पाहिलं. आई चुलीशी होती. ती उठली, इकडची तिकडची लाकडं गोळा करायला लागली, कारण चहा अजून उकळायचा होता. जरा वेळाने सगळ्यांना चहा मिळाला. चांगला झाला होता. मी दोनदा घेतला.

भिंती उभ्या राहिल्या. पुढचे तीन आठवडे आईने सकाळ-संध्याकाळ बादलीने त्यांच्यावर पाणी मारलं. काँक्रीटला असं पाणी पाजणारं माणूस मी हैदराबादला पाहिलेलं नाही. पुट्टी झाली, रंग झाला, दारं बसली. फेब्रुवारीत एका रविवारी नातेवाईक जमवले, बुद्धवंदना झाली, खीर झाली. सगळे पोटभर जेवले, घर चांगलं आहे म्हणाले, गेले. मग आईने नव्या घराला कडी घातली, अंगण ओलांडलं आणि शेडमधल्या खाटेवर जाऊन बसली.

"आई, इथे का?"

"येते नं," ती म्हणाली.

आली नाही. ती घर झाडायची, पुसायची, दुपारी दारं-खिडक्या उघडून वारा द्यायची आणि परत शेडमध्ये. मी दर पंधरा दिवसांनी यायचे तेव्हा मीसुद्धा शेडमध्येच जेवायचे. माझ्या लक्षात सगळं आलं. तिला माझ्या भिंतीची भीती वाटत होती. दोन हात जाड भिंतीत आयुष्य काढलेल्या बाईला आठ बोटांच्या भिंतीवर कसा विश्वास बसेल? म्हणजे मला तिला पटवून द्यायला हवं होतं. मला पटवून द्यायला फार आवडतं.

पहिल्या खेपेला मी घण मागवला. मिस्त्रीला म्हणाले, मारा भिंतीवर. तो म्हणाला, "नव्या रंगावर म्या नाई मारत." मग मीच मारला. भिंतीने घण परत पाठवला आणि तो माझ्या नडगीवर आला. मी बोंब ठोकली. आई शेडमधून हळद घेऊन धावत आली, माझ्या पायाला लावली आणि भिंतीवरून हात फिरवून म्हणाली, "हिले काई नाई झालं." हे तिने कौतुकाने म्हटलं होतं. मला ते टोमण्यासारखं लागलं.

दुसऱ्या खेपेला मी कचेरीतून पुठ्ठ्याचं छोटं घर करून आणलं. टोकं वळवलेल्या पुठ्ठ्याच्या भिंती. शेजारी अंगणातली ढेकळं एकावर एक रचून जाड भिंत केली. दोन्ही आईच्या खाटेवर ठेवली आणि खाट गदागदा हलवली. ढेकळांची भिंत पडली, पुठ्ठ्याचं घर उभं राहिलं. खाटेच्या दुसऱ्या टोकाला वाळत घातलेली मुगाची डाळ सगळी मातीत गेली. आई एक-एक दाणा उचलत बसली. "भिंत चांगली हाय," ती म्हणाली. "म्या कदी म्हनलं, चांगली नाई?"

हे वाक्य मी ऐकलं, पण ऐकून घेतलं नाही. मला वाटलं, ती माझं मन राखते आहे.

तिसऱ्या खेपेला मी भर दुपारी नव्या घरात सतरंजी टाकून, दार सताड उघडं ठेवून, आईला दिसेल असं झोपून दाखवलं. दोन तास. उठले तर खिडकीच्या चौकटीवर पाच खिळे पडलेले दिसले. पाचही वाकडे. एकाचं तर टोकच मोडलेलं. मिस्त्रीच्या माणसांनी कुठेतरी ठोकून पाहिले असतील, असं मला वाटलं. मला काय आनंद झाला! तळहातावर ठेवून त्यांचा फोटो काढला आणि कचेरीतल्या लोकांना पाठवला, खाली लिहिलं, आमच्या काँक्रीटचा दर्जा पाहा. सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली.

एप्रिलच्या शेवटी आमच्याकडे ऊन कसं असतं ते आदिलाबादच्या माणसाला सांगायला नको. टिनाच्या शेडखाली तर दुपारी भाकरी भाजून निघावी. एक दिवस शेजारणीचा फोन आला, की तुझी आई चक्कर येऊन खाटेजवळ पडली, डॉक्टरांनी सलाईन लावलं, आता बसली आहे, पण त्यांनी बजावलं आहे की या वयात टिनाखाली राहायचं नाही, पुढच्या खेपेला निभावणार नाही. मी त्या दिवशी खरोखर घाबरले. बसमध्ये मला सारखं वाटत होतं, की मी जगातल्या सगळ्या भूकंपांपासून आईला वाचवलं आणि आता तिला ऊनच नेणार.

आईशी बोलून उपयोग नाही, असं माझं ठाम मत झालं होतं. म्हणून आदिलाबादला उतरल्यावर मी आधी मिस्त्रीला गाठलं. तो बसस्टँडमागे एका कामावर होता. म्हणाले, तुमचं ती ऐकते, तुम्ही चला, तिला सांगा की ही भिंत पडत नाही.

तो थापी धुवत होता. धुऊन झाल्यावर म्हणाला, "मावशीले भितीचं भ्याव नाई, मॅडम."

"मग घरात का येत नाही?"

"तुमी इचारलं काय तिले, काऊन येत नाई म्हून?"

मी विचारलं होतं. म्हणजे, भीती वाटते का, असं विचारलं होतं. तिने नाही म्हटल्यावर पुढे अर्धा तास मीच बोलले होते.

"फोटो टांगाले जागा नाई तिले," मिस्त्री म्हणाला. "फोटो पेटीत अन् आपन नव्या घरात, असं जमत नाई म्हने. खिळे ठोकून पाह्यले मावशीनं, सारे वाकले. तुमीच म्हनलं होतं, भोक पाडाचं नाई."

माझ्या तळहातावरचे पाच खिळे मला आठवले. आणि टाळ्या.

"अन् तो गुटका," तो म्हणाला. "तो गुटका नव्हता मॅडम. तुमच्या बाबाची खुंटी होती ते. जुन्या घरातून मावशीनं काढून ठेवली होती. मले म्हने, ओल्या भितीत बसवून दे, बाहीर दिसली नाई तरी चालन, मंग त्याच्यात खिळा मारता येईन. म्या कापून बरोबर दोन सळईच्या मंधात बांधली होती."

"मला सांगितलं का नाही?"

"तुमी बोलू देल्लं काय?"

तामसीची बस मिळाली तेव्हा मी खिडकीशी बसून सवयीने हिशेब केला. तो लाकडाचा तुकडा त्या भिंतीत, त्याच जागी आहे असं धरलं आणि भिंतीची ताकद पुन्हा काढली. काही फरक पडत नव्हता. टोकापासून दूर, मधोमध, एवढीशी खुंटी. भिंतीला तिचा पत्ताही लागला नसता. मी पुन्हा काढून पाहिलं, कारण आपण इतकं चुकलो नसू अशी एक वेडी आशा असते. उत्तर तेच आलं. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

गावात उतरल्यावर मी शेजारच्या सुताराकडून ड्रिल मशीन मागून आणलं. आई खाटेवर बसली होती, हातावर सलाईनची पट्टी. मी म्हणाले, "आई, फोटो काढ पेटीतून. जागा दाखव."

 तिने उठून पेटी उघडली, फोटो काढला. नव्या घरात जाऊन तिने दारापासून कोपराने तीन हात मोजले, खालून चार हात, आणि भिंतीवर बोट टेकवलं. मी ड्रिल लावलं. बोटभर आत गेलं आणि कर्रर्र करत थांबलं. त्या भिंतीतली प्रत्येक सळई मी काढलेली, मी मोजलेली, आणि मी नेमकी सळईवरच आले होते.

"दोन बोटं इकडं घे," आई म्हणाली. "तिथं सळई हाय. बांधत होते तवा पाह्यली होती म्या."

दोन बोटं इकडे घेतलं. ड्रिल सरळ आत गेलं. प्लास्टिकची गुल्ली बसवली, स्क्रू पिळला, फोटोसाठी नवी काच मी वाटेत घेऊन यायला हवी होती हे तेव्हा लक्षात आलं. आई म्हणाली, राहू दे, ते बिनकाचेचेच बरे दिसतात. तिने पदराने फोटो पुसला आणि अडकवला. बाबा नेहमीसारखे जरा डावीकडे कलले. तिने त्यांना सरळ केलं.

मग मात्र मला राहवेना. "आई, ती खुंटी मी फेकली. मला खरंच माहीत नव्हतं. ती चुलीत गेली असणार. आणि मी दोन कप चहा प्याले."

"माईत हाय मले," आई म्हणाली. "चुलीत मीच लावली."

 "काऊन?" मी विचारलं. किती वर्षांनी तो शब्द माझ्या तोंडून निघाला.

"मंग काय करू? म्या ते ढिगातून उचलून पदरात बांधली असती, त साऱ्यायनं इचारलं असतं, काय हाय मावशी. मंग समजलं असतं का मास्तरच्या पोरीनं बापाचीच खुंटी कचऱ्यात फेकली. हासले असते तुले. त्याच्यानंतर तुवं कोनी आयकलं असतं काय? सारी भिंत ओताची होती अजून." तिने भिंतीवरून हात फिरवला. "तुई भिंत तुया मनासारखी व्हाले पायजे होती."

मी तिथेच खाली बसले आणि लहान पोरीसारखी रडले. तिने मला रडू दिलं. मग शेडमधून उशी आणि गोधडी आणली, फोटोखाली अंथरली आणि आठ बोटांच्या भिंतीला पाठ लावून बसली.

"पंखा लाव," ती म्हणाली. "लय गरम होऊन राह्यलं."

मी उठले. पंख्याचं बटण कुठे असावं हेसुद्धा नकाशात मीच ठरवलं होतं, पण डोळ्यांना धड काही दिसत नव्हतं. आधी बाहेरचा दिवा लागला, मग स्वयंपाकघरातला. शेवटी आईच उठली आणि तिने ते दाबलं.